मोरचुदाची पुरचुंडी

आमच्या बोरी गावात कुणाच्या बी शेततळ्यात शेवाळ माजलं की बोलावणं आमच्या थोरल्या जाऊबाईला, फुलाबाईला. मोरचुदाची पुरचुंडी काठीला बांधायची, पाण्यातून फिरवायची, झालं काम. त्याचा तोरा किती सांगू! गळ्यातल्या मंगळसूत्राची लाल पोवळी चाचपत गावभर मिरवायची.

तिची नात अक्षदा नारायणगावाजवळच्या कॉलेजात काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवायची. पोरीची पीएचडी त्याच्यावरच. एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "आजी, यांच्या अंगातच शेवाळ राहतं गं." बाईनं एवढंच ऐकलं. "अगं बया, पोरीची टाकी नासली की!"

दुसऱ्या दिवशी आमी दोघी डबा घेऊन गेलो. अक्षदा हात धुवायला बाहेर गेली तशी जाऊबाईनं कमरेची पुरचुंडी काढली अन् टाकीत बुडवली. मी तिचा हात धरला. "बाई, तिला इचारा तरी!"

"तू गप. मला शेवाळ शिकवतीस व्हय?"

अक्षदा आली, निळसर पाणी बघितलं अन् किंचाळलीच. "आजी! काय टाकलंस? ते शेवाळ म्हणजे रोग नाही गं! उजेडात तेच यांना अन्न करून देतं, हे त्याला घर देतात. मोरचूद म्हणजे यांना विष!"

बादल्या भरभरून पाणी बदललं. पण प्रवाळांची फुलावाणी उमललेली बारकी तोंडं मिटली ती मिटलीच. संध्याकाळपर्यंत सगळी पांढरीफटक.

"मला वाटलं दगडच हाय," जाऊबाई कशीबशी म्हणाली.

"जिवंत प्राणी होते, आजी. तुझ्या गळ्यातली पोवळी यांच्याच भावकीतली, लांबची चुलत." एवढं बोलून अक्षदा हुंदके देत खाली बसली.

येताना एसटीत जाऊबाई गळ्यातली पोवळी चाचपत व्हती. घरी आली, पायरीवर बसली अन् मंगळसूत्राचा दोरा दातानं कचकन तोडला. मी वरडलेच! समोर नानासाहेब, तिचे मालक, चहा पीत व्हते. कपबशी हातातच राहिली. "अगं ए! मी जित्ता हाय अजून!"

तिनं पोवळी तेवढी येचून काढली, मोरचुदाच्या त्याच रिकाम्या फडक्यात बांधली.

"तुमी हाय वो," ती म्हणाली. "ती मेली."