वर सोडू का?

मोह कुठून येतात, या प्रश्नाचं उत्तर आमच्या चर्चपुरतं सोपं आहे. ते खालच्या मजल्यावरून येतात. कोपरखैरण्यातल्या ज्या कमर्शियल बिल्डिंगमधला हॉल आम्ही रविवारी भाड्यानं घेतो, तिच्या तळमजल्यावर फरसाणवाला आहे. आमची उपासना आणि त्याचा जिलेबीचा पहिला घाणा एकाच वेळी सुरू होतो. पापकबुलीच्या प्रार्थनेला डोळे मिटले की तुपाचा वास जिन्यानं वर येतो, आणि मग कुणी काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. माझे सासरे, ज्यांना आम्ही पप्पा म्हणतो, आशीर्वाद संपायच्या आधीच जिन्यात असायचे. पाळकसाहेबांचा शेवटचा आमेन त्यांना खालून ऐकू यायचा.

बाकी सगळ्याला मात्र आमच्याकडे सैतान जबाबदार असतो. माइकनं शिटी मारली, सैतान. एसी बंद पडला, सैतान. तरुण संघाच्या सहलीची बस उशिरा आली, तर ड्रायव्हर रस्ता चुकला असेल हे कुणी मनावरच घेत नाही. मी पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती, नगरकडची, आजोबा गावोगाव फिरणारे प्रचारक. तरीही मला कधीकधी त्या सैतानाची दया येते. एवढं काम अंगावर आणि रविवारचीसुद्धा सुट्टी नाही.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, असली थट्टा खपत नाही. त्यांचा देवावर विश्वास आहे आणि सैतानावर तर त्याहून जास्त, कारण देव त्यांच्या मते उशीर करतो, पण तो दुसरा कधीच करत नाही. मी ऑफिसला जाताना लिपस्टिक लावली तरी त्या पुटपुटत एक छोटी प्रार्थना करून घेतात. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर मी जास्त गडद शेड वापरायला लागले.

पप्पा दिघ्याजवळच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ते सोसायटीच्या कमिटीला नावं ठेवायचे आणि त्यात त्यांचा दिवस मजेत जायचा. मग एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द अर्धेच बाहेर पडायला लागले. शिव्या मात्र अख्ख्या यायच्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्यांचा कप्पा मेंदूत वेगळा असतो म्हणे. पाळकसाहेब हॉस्पिटलमध्ये प्रार्थनेला आले, त्यांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पप्पांनी आजारपणातला पहिला पूर्ण शब्द उच्चारला. तो इथे लिहिता येणार नाही. पण वाचा परत आली म्हणून आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

घरी आणल्यावर आईंनी त्यांचा ताबाच घेतला. अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं, नाचणीची पेज चमच्याचमच्यानं भरवणं, सगळं स्वतः. बाई ठेवू म्हटलं की त्यांना अपमान वाटायचा. "परकी बाई त्यांना हात लावनार व्हय?" असं म्हणून विषय बंद. पप्पांना गिळायला त्रास व्हायचा, एक वाटी पेज संपायला सकाळ सरायची. त्या बाहेर जाईनाशा झाल्या, बहिणीकडे जाणं सुटलं, महिला मंडळ सुटलं. चर्चला तेवढं, मी रविवारी माझ्या नवऱ्याला पप्पांजवळ बसवून, त्यांना रिक्षानं घेऊन जायचे.

अशाच एका रविवारी पाळकसाहेबांनी मोहांवर उपदेश केला. ते तरुण आहेत, वाशीत भाड्यानं राहतात, आणि उपदेशात नवी मुंबई आणायची त्यांना हौस आहे. म्हणाले, वाईट विचार कधी देहातून येतो, कधी जगातून, कधी सैतानाकडून, पण येतो तो गेटवर. वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, अमुक आलाय, वर सोडू का? गेटवर कोण यावं हे तुमच्या हातात नाही. पण वर सोडायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. नाही म्हणा आणि फोन ठेवा. लोकांनी माना डोलावल्या. आमच्या सोसायटीचा वॉचमन कुणाला न विचारता सगळ्यांनाच वर सोडतो, तर माझं काय होणार, असा विचार माझ्या गेटवर आला आणि मी त्याला वर सोडलं.

तो रविवार प्रभुभोजनाचा होता. आमच्याकडे त्या वेळी एकेक रांग उठून पुढे जाते, मेजाभोवती गुडघे टेकते, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला घेते. आमची रांग उठली. आई उठल्या नाहीत. मला वाटलं गुडघा धरला असेल, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पर्समधला रुमाल काढून नाकाला लावला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना प्रभुभोजन चुकवताना पाहिलं नव्हतं. तापात फणफणत असतानाही त्या पुढे जायच्या.

आता ज्यांना आमचं चर्च माहीत नाही त्यांना सांगते, प्रभुभोजनाला न उठणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरीनं मान फिरवण्यासारखं आहे. आधी स्वतःला तपासा, मनात काही असेल तर नीट करून या, अशी तंबी असते, त्यामुळे जो बसून राहतो त्याच्या मनात काहीतरी मोठं आहे हे सगळे धरून चालतात. खाली जिलेबी घ्यायला थांबेपर्यंत महिला मंडळाचा तपास पूर्ण झाला होता. निकाल असा की सुनेनं छळ मांडलाय. एका काकूंनी माझ्या हातावर हात ठेवून, फार मऊ आवाजात, "सासूला आईसारखं जप गं," असं सांगितलं. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते गेटवर थांबलंच नाही, थेट बेडरूमपर्यंत गेलं.

पण खरी गडबड घरी झाली. दुसऱ्या दिवशी आईंनी पेजेची वाटी माझ्या हातात दिली. "तू भरव," म्हणाल्या. मी ऑफिसला उशीर होईल म्हणाले, तर त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. अंग पुसायला गेल्या नाहीत. पप्पांच्या खोलीच्या दारापर्यंत जायच्या आणि मागे फिरायच्या. पप्पा आतून हाका मारायचे, हाकेनंतर शिव्या द्यायचे, मग गप्प व्हायचे. त्यांचं ते गप्प होणं मला सहन होईना. त्या आठवड्यात ते माझ्या हातून नीट खाईनात आणि नवऱ्याच्या हातून तर तोंडच उघडेनात. त्यांचं अंग उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईंनी ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. भांडी आधीच घासलेली होती.

शनिवारी मी दिवाळे गावच्या मासळी बाजारातून बोंबील आणले, कारण आई रागात असोत की दुःखात, ओले बोंबील साफ करताना त्यांचं तोंड सुटतं. तसंच झालं. डोकी कापता कापता, माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"गेल्या शनिवारी पेज भरवत व्हते. ठसका लागला त्यांना. डोळं पांढरं झालं. मी पाठ चोळत व्हते, आन मनात आलं, जावा आता. सुटाल. मी बी सुटंन."

मी म्हणाले, "अहो आई, एवढ्या थकव्यात कुणालाही येईल असा विचार. सैतानानं टाकला असेल." मला वाटलं, निदान आज तरी हे पात्र कामाला येईल.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "त्याचा आवाज मला ठावं हाय. हा त्याचा नव्हता. माझाच व्हता." बोंबलाचं शेपूट त्यांनी नको तितकं कापलं. "आन गेटवरनं घालवलं असतं तर एक येळ चाललं असतं. मी त्याला वर घेतलं. बसवलं. च्या पाजला. सुटल्यावर भनीकडं किती दिस ऱ्हायचं ते ठरवलं. पांढरी साडी जुनी झालीया, नवी घ्यावी लागंल, हे बी आलं मनात. मातीला आलेल्यांना खिचडी करायची का पुलाव, हे बी."

"मग काय ठरलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पुलाव," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना भीती होती ती हाताची. परत ठसका लागला आणि आपला हात थोडा सावकाश हलला तर काय, म्हणून त्या खोलीत जात नव्हत्या. मी माशाच्या हातानंच त्यांना जवळ घेतलं. मला हसूही येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

मी पाळकसाहेबांना फोन केला. ते सोमवारी आले, आजाऱ्याला घरी प्रभुभोजन द्यायची छोटी पेटी घेऊन. आईंनी आमच्या रीतीप्रमाणे सलाम केला, चहा आणि शंकरपाळे समोर ठेवले, आणि ते तोंडात असतानाच सवाल टाकला. कुणाच्या, ते सांगितलं नाही, पण एका माणसाच्या मनात दुसऱ्याच्या मरणाचा विचार आला, तर ते पाप का?

पाळकसाहेब घास गिळून म्हणाले, "नुसता आला तर नाही, आई. रमलात तर."

"किती येळ बसवला म्हंजी रमला?"

पाळकसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. सेमिनरीत त्यांना बरंच शिकवलं असणार, पण मिनिटं कुणी सांगितली नसावीत. "तसं मोजता येत नाही," ते म्हणाले. "आलेल्याला धरून ठेवू नये आणि आला म्हणून स्वतःला फाशीही लावू नये. तुम्ही आधी मेजाला या." आई म्हणाल्या, "तसं नाय जमत." पाळकसाहेब प्रामाणिक आहेत, त्यांनी आणखी काही सांगायचं नाटक केलं नाही, पेटी उचलली आणि पप्पांच्या खोलीत गेले.

आम्ही पलंगाभोवती उभे राहिलो. आई दारात, उंबऱ्याच्या बाहेर. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा रसात भिजवून पप्पांच्या ओठांजवळ नेला, तर पप्पांनी तोंड घट्ट मिटलं. डाव्या हातानं दाराकडे बोट केलं.

"आधी... ती."

"तुमी घ्या," आई म्हणाल्या. "मला चालत नाय."

"का?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं, पाळकसाहेबांकडे पाहिलं, आणि बोंबलाच्या वेळी जे सांगितलं होतं ते सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं. साडी सांगितली. पुलावही सांगितला. मी जमिनीकडे बघत होते. पाळकसाहेबांच्या हातातल्या तुकड्यातून रस चादरीवर ठिपकत होता.

पप्पांचं वाकडं तोंड हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, आणि काय झालं हे कळायच्या आत आई उंबरा ओलांडून पलंगावर होत्या, त्यांना पुढे वाकवून पाठ चोळत होत्या. हात जराही सावकाश नव्हता.

श्वास जाग्यावर आल्यावर पप्पा एकेक शब्द काढत म्हणाले, "मी तर... लग्नापासनं... तुझ्यासाठी हेच. तुझी आई... ऱ्हायला आली व्हती... तवा तर रोज."

"अहो," आई म्हणाल्या. "आन तरी तुमी मेजाला जायचा?"

"मंग?" पप्पांनी त्यांच्याकडे बावळट माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "त्याच दिशी तर... लागतं की."

यावर पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. आईंनी त्यांच्या हातातला तुकडा घेतला, अर्धा केला, एक पप्पांना भरवला, आणि तो गिळून होईपर्यंत त्यांचा गळा बघत राहिल्या. मग दुसरा अर्धा स्वतः घेतला. नळी घालावी लागली नाही.

पप्पा अजून आहेत. तसेच आडवे, तसेच शिवराळ. आईंचं बाहेर पडणं आता थोडं वाढलंय, कारण मी हट्टानं एक बाई ठेवली आहे, आणि घरी असल्या की आई तिच्यावर लक्ष ठेवून असतात, तेवढाच त्यांना विरंगुळा. पेज मात्र त्या स्वतःच भरवतात. सकाळी डबा भरताना मला स्वयंपाकघरात दोघांचं ऐकू येतं. वाटी संपता संपत नाही, पप्पा तोंड फिरवतात, चमचा हनुवटीवर सांडतो, आणि मग आईंचा वैतागलेला आवाज येतो.

"आला बघा परत."

"बसव," पप्पा म्हणतात. "च्या दे. मंग... लाव वाटंला."