नमितावहिनीचं मशीन

माझा भाऊ नंदकिशोर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी त्याला बोलणार आहे, आणि मग नातेवाईक म्हणतील, अक्षता सख्खी बहीण असून असं बोलते. बोलणारच.

त्याची बायको नमिता, माझी वहिनी. चारकोपला बैठ्या घरात राहतात, सोबत आमची आई. वहिनी लग्नाआधीपासून बोरीवलीत एका दुकानात सॉसेज-सलामी बनवायच्या कामाला होती. दुकान बंद पडलं तेव्हा ती रडत बसली नाही. घरामागच्या पडवीत तिने स्वतःच सॉसेज भरायला घेतले, चिकनचे आणि पोर्कचे. मग मीठ चोळून, धूर देऊन बेकनही करायला लागली. आमच्याकडे डुक्कर कुणी खात नाही. आई सुरुवातीला नाक मुरडायची, पण आता पाकिटांना लेबलं चिकटवायला तीच पहिली बसते. नाताळ जवळ आला की वहिनीला जेवायला फुरसत नसते, आणि हे सगळं हाताने फिरवायच्या खिम्याच्या मशीनवर. शेवटी तिचा खांदा गेला. डॉक्टरने सांगितलं, आता हे फिरवणं बंद. म्हणजे विजेचं मशीन आलं नाही तर धंदा बंद, इतकं सरळ होतं.

मशीन निवडायची तिची पद्धत बघा. डब्यात बर्फावर मांस घेऊन ती कुर्ल्याच्या दुकानांतून फिरली. "आधी माझं मांस फिरवून दाखवा," म्हणायची. मशीन तापलं की चरबी वितळते आणि मग सॉसेज तव्यावर कोरडा ठक्क होतो, म्हणून बाहेर आलेला खिमा गार आहे का, ते मुठीत धरून बघायची. आणि दुकानदार काय विचारायचे? "मिस्टर नाही आले?" एकाने तर माझ्यासमोर विचारलं. मी म्हटलं, मिस्टरांना काय मशीनमध्ये घालायचंय? वहिनी हसली, मी नाही हसले. शेवटी तिने एक छोटं मशीन पसंत केलं, घरच्या मीटरवर चालणारं आणि धुवायला सगळं सुटं होणारं. तिने साठवलेल्या पैशांतून उरतील त्यात जुना डीप फ्रीझर घ्यायचा, असं ठरलं. दादालाही सांगितलं होतं.

आणि दसऱ्याच्या सकाळी टेम्पो दारात. दादा आणि त्याचा दोस्त माणिक, दोघे मुहूर्त साधून कपाटात ठेवलेल्या वहिनीच्याच पैशांनी मशीन घेऊन आले. कमरेएवढं, हॉटेलवाले वापरतात तसलं. "छोटं काय घ्यायचं यार, घ्यायचं तर झकास," माणिक म्हणाला.

अरे, मुहूर्त बघून खिम्याचं मशीन आणता, आणि त्या दिवशी आपल्या घरात मांसाला कुणी हात लावत नाही. चालवून बघणार कशावर, श्रीखंडावर? पण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दादाने मशीनला टेकून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. नंदूने धंदा टाकला म्हणून जो तो अभिनंदन करतोय. एकानेही वहिनीचं नाव घेतलं नाही. माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी लहू इलेक्ट्रिशियन आला. मशीन बघून म्हणाला, "हे तीन फेजचं आहे. तुमच्या लाइनवर चालणारच नाही." शिवाय वहिनी एका वेळी जेवढं मांस करते, तेवढं त्याच्या पोटातच चिकटून राहिलं असतं. वाट लागली. तर दादा म्हणतो काय, "नव्या कनेक्शनला अर्ज टाकू ना. थांब जरा, दिवाळीनंतर बघू." खांदा तिचा, नाताळच्या ऑर्डरी तिच्या, आणि थांबायचं पण तिनेच.

वहिनीने दुकानात फोन लावला. न वापरलेलं मशीन बदलून देतो, म्हणाले. तर आई आडवी आली. "पूजलेली वस्तू परत देवची नाय. लक्ष्मी आसा ती." दादाने लगेच मान डोलावली. त्याला लक्ष्मीपेक्षा तो फोटो आठवला असणार. मी भांडायला तोंड उघडलं, पण वहिनीने हात करून मला थांबवलं.

"आई," ती म्हणाली, "काल हळदकुंकू यांनी वाहिलं. नारळ माणिकभावजींनी फोडला. नमस्कार तुम्ही केलात, अक्षतानेही केला. मी कुठे होते?"

उत्तरही तिनेच दिलं.

"मी आत पुऱ्या तळत होते. मला कुणी हाकच मारली नाही. मशीनवर काम मी करणार आणि पूजा माझ्याशिवाय झाली, हे अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. ती तुमची लक्ष्मी असेल तर ठेवा. माझे पैसे मला द्या, मी माझं मशीन आणते."

गिरण्या चालू होत्या तेव्हा आई खानावळ चालवायची, पंगतीच्या पंगती तिच्या हातचं जेवल्या. ती उठली, मशीनवरचा हार काढला आणि पदराने कुंकू पुसायला लागली.

"खानावळीतल्या चुलीची पूजा तुझो सासरो करी," ती वहिनीला म्हणाली. "माका पण कधी कोणी हाक मारूक नाय."

मग दादाकडे न बघताच तिने त्याला टेम्पो बोलवायला सांगितलं.