एक डोकं कमी

आमच्या खाडीच्या धक्क्यावर निवृत्त गुरुजी रोज उभे असतात. नोकरीत होते तेव्हा पलीकडच्या वाडीतली पोरं ते होडीतून शाळेत आणत आणि परत पोचवत. शाळा सुटली, सवय सुटली नाही. अजूनही सकाळी होडीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून ते मोजतात आणि संध्याकाळी परत मोजून घेतात.

होडीवाले काका चिडवतात, "गुरुजी, ही मानसं हायत, पहिलीतली पोरं न्हायत!"

"सगळी माझ्याच हाताखालून गेलीत. तूसुद्धा. गप वल्हव."

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. एकदा माझी परतीची होडी चुकली आणि मी रस्त्याने उशिरा आले. एकवीसच डोकी भरली, एक कमी, म्हणून गुरुजी भरतीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभे होते. मला बघून नुसतं म्हणाले, "बावीस."

आज मी वसतिगृहात राहायला निघाले. "गुरुजी, संध्याकाळी मला मोजू नका," असं दोनदा सांगितलं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्याला बोट लावलं.

होडी सुटली. मी विचारलं, "काका, आज भरती किती वाजता आहे?"