वच्छीचा कोरा चहा

या, जवळ या. उंबऱ्यापाशी चपला घालून उभं राहायचं आणि "बरंय का आजी?" म्हणत उत्तर ऐकायच्या आत निघून जायचं, ही कुठली रीत? पेपरची ही पुरवणी वाचतानाही तुमचं तसंच. एक डोळा कागदावर, एक मोबाईलवर. ठेवा तो बाजूला जरा. मला शाळा फारशी नाही. मुलांच्या पुस्तकांवर आणि पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले, त्यामुळे लिहिते तेही बोलल्यासारखंच होतं. माझी शेजारीण वच्छी, म्हणजे वत्सला, गेली. महिना उलटला. ज्याला त्याला विचारा, "शांत गेली" एवढंच सांगतील. ते काही मला पटत नाही, म्हणून लिहायला बसले.

बातमी आली तेव्हा मी घोडेगावला लेकीकडे होते. तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालेलं. जनावरांच्या बाजाराचा दिवस, म्हशी उतरवणारे टेम्पो पार दारापर्यंत लागलेले, त्या हंबरण्यात फोनवरचं धड ऐकू येईना. कर्जतहून आमच्या आळीतला टेलर बोलत होता. "आजी, वच्छाकाकू काल सांजच्याला गेल्या." मी म्हटलं, "अरे, परवाच तर बोलले मी तिच्याशी." जसं काही परवा बोललेल्या माणसानं मरायचंच नसतं... नगरला एसटी बदलून कर्जतला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचं तोंड काही मला दिसलं नाही.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. तिचा नवरा साखर कारखान्यात होता. तो वारला, पाठोपाठ मुलगा सुनील शिर्डीला एका हॉटेलात मॅनेजर म्हणून गेला आणि बायकोपोरं घेऊन तिकडेच राहिला. पोरगा वाईट नाही हो. आईला मोठा मोबाईल घेऊन दिला, सणाला यायचा. पण शिर्डीत सणालाच गर्दी, म्हणजे सणाला यायचा तो सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी. त्या मोबाईलवर वच्छीला एक सर सापडले. ते मराठीतून चीनच्या ताओ विचारावर आणि जपानच्या झेनवर बोलायचे. ही कानाला लावून ऐकायची आणि मग भिंतीवर वाटी वाजवून मला बोलवायची. "शालन, ऐक. पान्यासारखं व्हायचं म्हने मानसानं. जिथं उतार तिथं जायचं, भांडायचं न्हाई." मी म्हणायची, "आपलं पानी टँकरनं येतं, वच्छे. तुला व्हायचं असंल तर नगरपंचायतीला सांगून ठेव, नळीवर नंबर लावते." ती हसायची. हसताना तोंडावर पदर धरायची, दात पडलेले म्हणून.

चहाचं त्यातूनच निघालं. सुनीलच्या हॉटेलात कुणी परदेशी पाहुणा खोलीत चहाचा डबा विसरून गेला, तो त्यानं आईला आणून दिला. हिरवी पानं, वाळलेल्या मेथीसारखी. वच्छीनं ती गरम पाण्यात टाकली, दूध नाही, साखर नाही. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "ही तर शेळीची वैरन." तिला मात्र त्या चहाची गोडी लागली. ती भांडं दोन्ही हातात धरून बसायची, आधी वाफ बघायची, मग प्यायची. तो डबा संपल्यावर आपल्या किराणा दुकानातली साधी पत्ती आणून तसाच कोरा करायला लागली. मी विचारलं, दूध घातलं तर काय बिघडतं? तर म्हणाली, "दूध घातलं की दूधच दिसतं गं. चहा कुठं दिसतो?"

पुढं एका डॉक्टरचं भाषण तिनं ऐकलं. मन आणि शरीर यांचा अभ्यास करणारे ते डॉक्टर. त्यांचं म्हणणं, माणसाला रोज चार माणसांत बसायला मिळालं तर त्याचं काळीज चांगलं राहतं, आणि एकटेपणा अंगाला दुखण्यासारखाच पोखरतो. हे ऐकल्यापासून तिनं ध्यासच घेतला. दुपारी चारला ओट्यावर आळीतल्या म्हाताऱ्या बायका जमवायच्या, चहा द्यायचा आणि थोडा वेळ न बोलता नुसतं एकमेकींजवळ बसायचं. मला म्हणाली, "माझ्या घरात मानूसच न्हाई, म्हनून बसायला जागा लई. ती वाया का घालवू?" काळजाच्या गोळ्या तिच्या चालूच होत्या, पण खरं औषध हेच, अशी तिची खात्री झाली होती. आणि मला ते ऐकून बरं वाटण्याऐवजी भीती वाटली, कारण गोळ्या दुकानात मिळतात.

पहिल्या दिवशी चौघी आल्या. वच्छीनं ओटा सारवल्यासारखा पुसला होता, गोणपाटावर चादर घातली होती. सगळ्यांच्या हातात पेले दिले आणि डोळे मिटून बसली. समोरच्या धोंडाबाईनं पेल्यात बघितलं. कोरा चहा. वच्छीकडे बघितलं, ती गप्प. शेजारणीकडे बघितलं, ती गप्प. आता आमच्याकडे कोरा चहा होतो तो मयताच्या घरी. दूध तापवायचं नसतं ना त्या दिवसांत. धोंडाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, वच्छीच्या गळ्यात हात टाकला आणि सूर लावला, "अगं माझ्या बायेऽऽ, कोन गेलं गं? सुनील बरा हाय न्हवं?" वच्छी दचकली, तिचा चहा सांडला, मला तर हसू आवरेना. "मावशे, कुनी गेलं न्हाई, हा तब्येतीचा चहा हाय," असं मी म्हणेपर्यंत धोंडाबाई उठून उभी. "जित्या घरात असला चहा? पोराच्या जिवावर उठलीस व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच. मी हसले होते ते तिथंच संपलं. कुणाच्या सुनेनं सासूला बजावलं, कुणाच्या लेकानं. मग वच्छीनं हार मानली. चहात दूध घातलं, साखर घातली, आलंसुद्धा किसलं, आणि दारोदार जाऊन सांगून आली. कुणी आलं नाही. तोवर सुतकाचा ओटा असं नाव पडून गेलं होतं, आणि आमच्या गावात पडलेलं नाव माणूस मेलं तरी जात नाही. पातेलंभर चहा गल्लीतल्या कुत्र्याला घातला तिनं. त्यानंतर पुन्हा कोराच. मी जायची रोज, पण ते चार माणसांत बसणं नव्हे. दोन म्हाताऱ्या म्हणजे दोन म्हाताऱ्याच.

एकदा मी विचारलं, "वच्छे, डोळे मिटून एवढा वेळ बसतेस, काय दिसतं गं तुला?" डोळे न उघडता म्हणाली, "काय न्हाई दिसत. चपलांचे आवाज येत्यात. हा आपल्याकडं वळतोय का, तेवढं ऐकते." मग म्हणाली, "सर म्हनत्यात वाट बघू नका. मला तेवढंच जमत न्हाई बघ..."

त्या दिवशी मी घोडेगावला. ती चारला ओट्यावर बसली, भिंतीला टेकून, डोळे मिटून, हातात पेला. तशीच गेली. शाळा सुटली, पोरं समोरून गेली. टेलर दुकान उघडून बसला. धोंडाबाई दळण घेऊन जाताना म्हणे बोलली पण तिच्याशी, "बसा बाई तुमी, आमाला कामं हायेत." सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखी बसलीय. दिवे लागले, तिच्या घरात लागला नाही, तेव्हा कुठं टेलर जवळ गेला.

मी पोचले तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी. भिंतीला टेकून बायका, पायऱ्यांवर पुरुष, कुणी बोलत नव्हतं. कुणाच्या तरी सुनेनं कोरा चहा फिरवला. सगळ्यांनी घेतला. धोंडाबाईनं दोन्ही हातात पेला धरला होता, वाफेकडे बघत होती. दहाव्यापर्यंत रोज असंच. वच्छीनं मागितलं होतं ते हेच, याहून कणभर जास्त नाही... मी मधे उभी राहून ओरडले असते, पण कुणावर ओरडायचं? सगळे खरोखरच दुःखात होते.

सुनील मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, आई शांत गेली ना? ध्यानातच गेली म्हनत्यात." मी म्हटलं, "व्हय बाळा, शांत गेली." त्याला दुसरं काय सांगणार? त्या तरुण पोराला अजून खूप जगायचंय.

तो कुलूप लावून गेला. किल्ली माझ्याकडे आहे. चार वाजता मी त्या ओट्यावर जाऊन बसते, त्याच भिंतीला टेकते. तिथं तिच्या पाठीचा तेलकट डाग आहे, तो माझ्या खांद्याच्या थोडा खाली येतो. बसलं की खरंच काही दिसत नाही. शहाणपण येत नाही, मन शांत होत नाही. चपलांचे आवाज येतात आणि पुढं जातात. आता लोक माझ्याकडेही तसंच बघून जातात.

तुम्ही याल असं काही मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू? तरी सांगते. कर्जतला उतरलात की टेलरला विचारा, तो दाखवील. काही आणू नका. चहा तुम्हाला हवा तसा करीन. फक्त कुणाच्या दहाव्याचं निमित्त धरून येऊ नका. असेच या, आणि लवकर या. आणि मी डोळे मिटून बसलेली दिसले तर तसेच पुढं जाऊ नका. हाक मारा.