रनिंगला काढलेली गाडी

सुकापूरच्या तुळशीरामने आयुष्यात हट्ट असा एकच पुरा केला, आणि तोही स्वतःचा नव्हे, बायकोचा.

झालं असं, की गेल्या लग्नसराईत भामाची धाकटी बहीण वेणू माहेरी तारा गावात उतरली ती नवऱ्याच्या, गोरखच्या, स्कूटरवरून. केसांत गजरा, डोळ्यांवर गॉगल. आणि थोरली भामा त्याच मांडवात आली मंडपवाल्याच्या टेम्पोतून, पातेल्यांच्या मधोमध बसून. घरी परतल्यावर तिने जाहीर केलं, "आता भावाच्या पोरीच्या हळदीला मी गाडीवरनं जाणार. नायतर जाणारच नाय."

तुळशीरामने मान डोलावली. भामाशी संसार करायला एवढी एक कला पुरते.

त्याची शेती नव्या पनवेलच्या इमारतींखाली गेली, बैल विकले गेले, आणि तो पाण्याच्या टाकीवर पंप चालू-बंद करायला लागला. माणूस शांत. पण एके दिवशी सकाळी दारात काळी कुळकुळीत आरएक्स हंड्रेड मोटरसायकल उभी! हार घातला, नारळ फोडला, हेडलाइटला कुंकू लावलं. शेजारच्या गोदूबाईंनी गाडीभोवती पाहणी करत एक चक्कर मारली.

"गो भामा, गोरखच्या स्कूटरीचं कसं, सगळं झाकलेलं. हिचं आतलं सगळं दिसतंय. नागडीच आणून उभी केलीय की दारात!"

"पळायचं असलं की कपडे कमीच लागतात, मावशे," तुळशीराम म्हणाला.

तोवर भामा पदर खोचून मागच्या सीटवर बसलीसुद्धा. "चला. टाकीपर्यंत तरी."

"उतर गो. गाडी रनिंगला हाय."

"म्हंजे? एरवी काय चालत जाते?"

"अगो, नवं इंजिन हाय. शोरूमवाला बोलला, पयले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाय, आणि ओझं घ्यायचं नाय."

सल्ला योग्य होता, शब्द तेवढा चुकला. 'ओझं' ऐकून भामा अशी उतरली, की गाडीचे दोन्ही स्प्रिंग वर आले. गोदूबाईंनी तोंडाला पदर लावला.

हळद जवळ येत होती. त्याआधी हजार झाले नाहीत तर भामा गाडीवर बसणार नाही, आणि गाडीवर बसली नाही तर भावाची पायरी चढणार नाही. मग तुळशीराम कामाला लागला. ड्यूटीच्या आधी एक फेरी, नंतर एक. सुकापूर ते पळस्पे, पळस्प्यावरून कर्नाळा आणि परत. काटा चाळिसावर टेकला की मूठ सैल. दुधाच्या किटल्या लावलेले मोपेडवाले त्याच्या बरोबरीने गप्पा मारत जायचे.

पण हजारातले निम्मे किलोमीटर झाल्यावर त्याच्यातला शेतकरी जागा झाला. खोंड कसा शिकवतात? आधी मोकळा फिरवतात, मग मागे ओंडका बांधतात, मग रिकामी गाडी, आणि अंगात ताकद आली की भरलेली. एकदम माणूस बसवला तर इंजिन बुजेल, असं त्याच्या मनाने घेतलं. मग त्याने मागच्या सीटवर भाताचं अर्धं पोतं उभं बांधलं. गोणपाटाने नव्या सीटला चरे पडतील म्हणून घरातल्या बोचक्यातली एक जुनी हिरवी साडी ओढून पोत्याला नीट गुंडाळली. वाऱ्यावर पदर फडफडायला लागला.

नेमक्या तेव्हाच गोदूबाई एसटीने पेणहून येत होत्या. पळस्प्याला त्यांनी खिडकीतून पाहिलं ते सुकापूरला पोचेपर्यंत पोत्याच्या केसांत गजराही आला.

"गो भामा, तुझ्या नवऱ्याच्या मागं बाई बसलेली!"

"कशी हाय?"

"पाठमोरी दिसली. अंगानं तुझ्यासारखीच भरलेली. पण गप बसलेली हो!"

भामाने नवऱ्याला काही विचारलं नाही. नुसतं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "हळदीला मी येणार नाय. तुमी जावा."

तुळशीरामला वाटलं, उशीर होतोय म्हणून रुसली. बिचाऱ्याने फेऱ्या वाढवल्या! जितक्या फेऱ्या, तितकी ती हिरवी साडी लोकांना जास्त दिसायची, आणि तितकी भामा घरात जास्त गप्प.

शेवटी एका सकाळी तो पळस्प्याच्या नाक्यावर वळला, तर पांडूच्या चहाच्या टपरीसमोर भामा कमरेवर हात ठेवून उभी. त्याने ब्रेक दाबला.

"कोण हाय ती?"

"कोण?"

"मागं बसलीय ती!"

तुळशीरामने खरंच मागे वळून पाहिलं. टपरीवरचे रिक्षावाले चहा प्यायचे थांबले. भामा जवळ आली आणि किंचाळली, "माझी साडी! भांडेवालीला द्यायला ठेवलेली! माझीच नेसवलीत तिला?" तिने पदर ओढला, आणि आतून गोणपाटाचा कान बाहेर आला.

"भात?"

"भात."

"मला ओझं बोललात, आणि भाताला सीटवर बसवलंत?"

"अगो, खोंडाला शिकवतात तसं... आधी मोकळी चालवली. मंग अर्धं पोतं. मंग तू."

"पोत्यानंतर मी."

रिक्षावाल्यांतला एक फिस्सकन हसला. हजाराला अजून बरेच बाकी होते. तुळशीरामने मीटरच्या आकड्याकडे पाहिलं, भामाकडे पाहिलं. मग खाली उतरून दोरी सोडली आणि पोतं उचलून टपरीच्या फळीखाली ठेवलं.

"पांडू, हे असू दे. संध्याकाळी नेतो." आणि बायकोला म्हणाला, "बस गो. जे शिकायचं ते तुलाच घेऊन शिकेल."

भामाने साडीची घडी केली, मांडीवर घेतली आणि बसली. त्यानंतरचे किलोमीटर दोघांनी मिळून केले. इंजिन अजिबात बुजलं नाही.

हळदीच्या दिवशी उन्हं कलता कलता दोघे निघाले. पळस्पे सोडलं आणि मागून पों-पों करत गोरखची स्कूटर आली. वेणूने हात हलवला, आणि डोळे मिटून उघडेपर्यंत दोघं दिसेनासे झाले. तेवढ्यात मीटरमधला आकडा फिरला. हजार भरले! तुळशीरामच्या मुठीला खाज सुटली.

"भामे, रनिंग संपलं. सोडू का साठला? शिरढोणच्या आधी गाठतो गोरखला."

"कशाला?" भामा त्याच्या कानाशी म्हणाली. "तिला बघितली का कोणी? भुर्रकन गेली. जरा अजून हळू घ्या. शिरढोणच्या थांब्यावर माझी आतेबहीण उभी असते."

तुळशीरामने मान डोलावली आणि मूठ सैल केली. थांब्यावरच्या बायकांनी एकेक करून माना वळवल्या. भामा सरळ समोर बघत, गजरा चाचपत, पंचविसाच्या वेगाने त्यांच्यासमोरून गेली.