प्रेअरीवरचं स्थळ

मी फारसा बोलत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं की याला काहीही सांगितलं तरी चालेल. आमच्या रोड शॉपमधला, म्हणजे रस्ते खात्याच्या गॅरेजमधला, कचरा न्यायला दर आठवड्याला ट्रक येतो, पण किस्से न्यायला कुणीच येत नाही. ते साठत जातात. आज थोडे तुमच्याकडे रिकामे करतो.

आमची काउंटी साउथ डकोटात आहे. माणसं कमी, गाई जास्त, आणि वारा सगळ्यात जास्त. बाबांना इथल्या छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली, म्हणून आम्ही सांगलीहून थेट इथे. मी अकरावीत शाळा सोडली. आता काउंटीच्या रस्ते खात्यात आहे. उन्हाळ्यात ग्रेडरने खडीचे रस्ते सपाट करायचे आणि हिवाळ्यात प्लोने बर्फ बाजूला ढकलायचा.

या नोकरीचा इंटरव्ह्यू वेनने घेतला. वेन आमचा बॉस; माझ्या नावाचं त्याने पहिल्याच भेटीत 'निक' करून टाकलं.

"जास्त बोलतोस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"उद्यापासून ये!"

एवढाच इंटरव्ह्यू. कारण मला पहिल्या दिवशीच कळलं. तिथे ऑर्व्हिल होता. वय सत्तरच्या पुढे. दर वसंतात रिटायर होतो, केक कापतो, आणि पहिला बर्फ पडला की पुन्हा हजर. बोलण्याचा सगळा कोटा तो एकटा वापरतो.

* * *

इथे रस्त्यावर समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. ओळख असो नसो. हा इथला नमस्कार.

हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ते घरी आले ते चेहरा पाडूनच.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"अगं, सकाळपासून जो भेटतो तो मला आउट देतोय!"

* * *

आमच्याकडे गाड्यांना कुणी कुलूप लावत नाही. फक्त ऑगस्टमध्ये लावतात. कारण ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या परसात झुकिनी, ती काकडीसारखी भाजी, मावेनाशी होते, आणि उघडी गाडी दिसली की लोक मागच्या सीटवर पिशवीभर ठेवून पळून जातात.

आईला हे माहीत नव्हतं. आपल्या गाडीत कुणी प्रेमाने भाजी ठेवली, म्हणून ती भारावली. तिने झुकिनीची थालीपीठं केली आणि हॉस्पिटलात वाटली. झालं! काउंटीभर बातमी पसरली की एका घराला झुकिनी खरोखर हवी असते.

दुसऱ्या दिवशी दार उघडेना. बाहेरून ढीग लागला होता.

आईने कोशिंबीर केली, भजी केली, वड्या केल्या. शेवटी ढिगाकडे बघत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या गावात न बोलावता झुकिनी दारात येते. सून तेवढी येत नाही!"

हा विषय आमच्या घरात कायमचा. शाळा सोडलेला, अबोल, त्यात असल्या माळावर राहणारा. मुलगी कोण देणार? आई हे मोठ्याने म्हणायची. मी मनात म्हणायचो.

* * *

मग आईच्या एका मैत्रिणीने अमेरिकेतल्याच, पूर्व किनाऱ्यावरच्या वेस्ट विंडसरचं स्थळ सुचवलं. मुलगी केतकी, फिजिओथेरपिस्ट. तिचे वडील देशपांडेकाका रिटायर्ड इंजिनिअर. त्यांनी फोनवर आईला विचारलं, "चिरंजीव काय करतात?"

आई म्हणाली, "सरकारी नोकरी. रस्ते खात्यात."

"वा! म्हणजे सिव्हिल!"

आईने 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. ती म्हणाली, "इथे हवा छान आहे."

मला रात्रभर झोप लागली नाही. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मी केतकीला एका दमात सांगून टाकलं, "मी इंजिनिअर नाहीये. शाळा अकरावीत सोडली. ग्रेडर चालवतो."

ती म्हणाली, "मोठा असतो का?"

"काय?"

"ग्रेडर."

"हो. बराच."

"मग दाखव की! आणि तू पण थोडा कॅमेऱ्यात ये. मघापासून मला तुमचा पंखाच दिसतोय."

* * *

केतकीने घरी खरं सांगितलं. देशपांडेकाका दोन दिवस नकाशात आमची काउंटी शोधत होते म्हणे. मग त्यांनी जे करायचं ते केलं. चौकशी!

आता पुण्यात चौकशी करायची तर शेजारी असतात, वाणी असतो. इथे कुणाला विचारणार? त्यांनी सरळ रोड शॉपला फोन लावला. फोन उचलला ऑर्व्हिलने. आणि स्पीकरवर टाकला. मी ट्रकखाली ग्रीसिंग करत होतो. बाहेर येता येईना आणि कान बंद करता येईनात.

"मुलाला काही व्यसन?" काकांनी विचारलं.

"आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "अंड्याच्या सँडविचमध्ये हिरवी मिरची घालतो. आम्ही समजावून पाहिलं."

"स्वभाव कसा आहे?"

"शांत. तो खोलीत आहे की नाही, ते दिवा लावल्याशिवाय कळत नाही."

"ड्रायव्हिंग?"

"प्लोने एक मेलबॉक्स पाडलाय."

"अरेरे! कुणाचा?"

"माझा."

मी ट्रकखाली डोळे मिटले. झालं, गेलं स्थळ!

"दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नवा मेलबॉक्स उभा," ऑर्व्हिल पुढे म्हणाला. "इतका सरळ, की आता मला माझं बाकीचं कुंपण वाकडं दिसतं. रोज त्रास होतो. हेही लिहून घ्या."

* * *

मार्चमध्ये केतकी आणि तिचे आई-वडील, अशी तिघं आम्हाला भेटायला आली. विमानतळावरून भाड्याची गाडी, केतकी ड्रायव्हर. पोहे झाले, चहा झाला. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"शेजारी कुठे राहतात?"

बाबांनी क्षितिजावरचा एक ठिपका दाखवला. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि दुसरा चहा मागितला.

मला केतकीला एकच गोष्ट विचारायची होती. इथे राहायला जमेल का? पण दिवाणखान्यात पाच माणसं, आणि मी असा. दुपार गेली. मी तिला तीनदा पाणी विचारलं.

आणि वादळ आलं. अंदाजापेक्षा बरंच लवकर. वेन पिकअप घेऊन दारात आला. "सकाळची फ्लाइट हवी असेल तर आत्ता हायवे गाठा. नाहीतर आठवडाभर इथेच."

काकू भाड्याच्या गाडीत बसायला तयार होईनात. म्हणून त्या आणि काका वेनच्या पिकअपमध्ये बसले. सगळ्यात पुढे माझा प्लो, मध्ये केतकीची गाडी, मागे वेन. वाटेत फोनला रेंज नसते, म्हणून वेनने केतकीच्या हातात एक रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकी, दिला.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे बहुतेक स्वयंपाकघरांत स्कॅनर असतो. रेडिओवर प्लोवाले, पोलीस, आगीचा बंब जे काही बोलतील ते त्यात ऐकू येतं. वादळात सगळी काउंटी घरात बसून कॉफी पीत तेच ऐकते.

पुढे काही दिसत नव्हतं. नुसतं पांढरं. आरशात तिच्या गाडीचे दोन दिवे. "पुढे डावीकडे वळण, स्लो," मी इंग्रजीत म्हणालो. "ओके," ती म्हणाली.

तिचा चेहरा दिसत नव्हता, कदाचित म्हणूनच असेल. आणि मराठी इथे कुणाला कळतं? मी बटण दाबलं.

"केतकी, इथे हिवाळा सहा महिने असतो."

"हो. दिसतोय."

"आमच्याशिवाय मराठी घर नाही."

"माहितीये."

"मी फार बोलत नाही."

"आज बोलतोयस की."

मी पुन्हा बटण दाबलं. "तुला जमेल का इथे?"

खाली प्लोचं पातं रस्त्यावर खरवडत होतं, बाकी वारा. मी आरशात बघितलं. दिवे होते.

"तू असाच पुढे राहा," ती म्हणाली. "दिसेनासा होऊ नकोस फक्त. जमेल मला."

तेवढ्यात खरखर झाली आणि ऑर्व्हिलचा आवाज आला.

"निक, काय म्हणाली ती?"

मी वायपरचा वेग वाढवला.

मग शेरीफच्या पोलीस ऑफिसात रेडिओ सांभाळणारी डिस्पॅचर म्हणाली, "हो निक, सांग ना. आम्ही सगळे थांबलोय."

मग वेनच्या पिकअपमधून कुणीतरी घसा खाकरला.

"जेंटलमेन," देशपांडेकाका म्हणाले, "शी सेड येस. काइंडली कीप द लाइन क्लिअर."