रद्द झालेल्या सहलीचा सराव

ईशान, मीरा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तिकडच्या डोंगरातल्या नॅशनल पार्कचा प्लॅन दाखवलात. आजीचं तिकीट, केबिन, सगळं ठरवलेलं. मी "नको" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मीराचा मेसेज आला, "आजी, आमचं काही चुकलं का?" तुमचं नाही, बाळांनो. चूक माझी आहे, आणि सहा वर्षं मी ती कुणाला सांगितलेली नाही.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं; जे पडताळता येत नाही ते मी मानत नाही. तरीही...

आजोबांना रिटायर झाल्यापासून एकच ध्यास होता. उत्तराखंडातलं ते फुलांच्या दरीचं राष्ट्रीय उद्यान. अखेर एका ट्रेकिंग ग्रुपकडे आम्ही दोघांची नावं दिली आणि त्यांचा सराव सुरू झाला. मुलुंडच्या आपल्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी दुसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत जिने चढायचे, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पाच पिशव्या. वर सावंतवहिनींच्या दाराशी पेलाभर पाणी प्यायचं आणि खाली यायचं.

"अहो, लिफ्ट आहे आपल्याकडे," मी म्हणायचे.

"तिथे नाहीये. तूही चढ, हिमालय काय तुला कडेवर घेणार आहे?"

ग्रुपला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून तपासण्या केल्या. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या उंचीवर अजिबात नाही. जिने आणि वजनही बंद. तुम्हीच समजावा त्यांना." मी तिथूनच फोन करून दोघांची नावं काढली.

घरी आले तर आजोबा नवे बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. "काय म्हणाले डॉक्टर?"

"फिट आहात," मी म्हणाले.

उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या पुन्हा उद्या... कोणतंही काम कधी पुढे न ढकलणारी मी! शेवटी रोज सॅकमधली एक पिशवी काढून तिथे टॉवेल भरू लागले. पाचव्या दिवशी आत नुसते टॉवेल होते. आजोबा काही बोलले नाहीत. रोज सॅक पाठीला लावून जात राहिले.

दहाव्या दिवशी दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. जिन्यांमुळे का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही.

आम्ही ज्या दिवशी निघणार होतो, त्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात सावंतवहिनी, हातात आमसुलांची पिशवी. सासू आजारी म्हणून त्या कुडाळला गेल्या होत्या, रिपोर्ट यायच्याही आधी. आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या.

"काकी, काका पोचले ना खाली? आत्ताच पाणी पिऊन गेले. आज दमलेले नव्हते हां."

त्या आपल्या बोलतच होत्या.

"म्हटलं, बॅग कुठे टाकलीत? तर म्हणतात, 'वजन हिने कधीच काढलंय. जायचंही रद्द केलंय तिने. पण तुम्ही विचारू नका हां वहिनी, ओशाळेल ती.'" त्या हसल्या. "आणि मी आले ती विचारलंच, बघा. का ओ काकी, रद्द का केलंत?"

मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

मी सगळं पडताळलं. ग्रुपवाल्यांकडे फक्त माझा नंबर होता. आजोबांच्या फोनमध्ये वहिनींना केलेला एकही कॉल नव्हता. गेटवर कॅमेरा होता, जिन्यात नव्हता. वहिनींनी देवाची शपथ घेऊन तेच पुन्हा सांगितलं.

उत्तर आजही नाही. पण मला छळतं ते वेगळंच. त्यांना कळलं कधी? गेल्यानंतर, की आधीच? आधीच कळलं असेल, तर ते दहा दिवस मला कबूल करावं लागू नये म्हणून जिने चढत होते. एकदा "कळलंय गं मला" म्हणाले असते, तर मी तिथल्या तिथे सॅक उतरवून ठेवली असती.

म्हणून "नको" म्हणाले, मीरा. डोंगराला नाही, त्यांचं जाणं रद्द करून आता एकटीने जाण्याला.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, जिना पाडला. वहिनी कायमच्या गावी गेल्या. "अहो, आपलं जाणं मी रद्द केलंय" हे वाक्य मात्र अजून माझ्याकडे तसंच आहे.

— आजी